पाट्या वाचत सोलापूर

१० जानेवारी, रात्र

पुण्याहून संध्याकाळी सुटणाऱ्या सोलापूरच्या गाडीचं नाव हुतात्मा एक्स्प्रेस. वीसेक वर्षं मी या गाडीने आजोळी जातेय. 'हुतात्मा पकडायचीये', 'हुतात्मा आज लेट आहे' असं बिनदिक्कत बोलतेय. यंदा शेजारी इंजिनिअरिंगचा एक मुलगा होता. दौंडच्या आसपास त्याने कानातलं काढून विचारलं, "मॅडम, हे हुतात्मा म्हणजे नक्की कोण?"

"चार जण होते, सोलापूरचे," इथपर्यंत मी झोकात आले. नावं मात्र दोनच आठवली. कुर्डुवाडी आली तरी तिसरं आठवेना. फोनवर बघणं सोपं होतं, पण त्याच्यासमोर बघायची लाज वाटली.

रात्री दहाच्या सुमाराला स्टेशनवर मामा उभाच होता. चौऱ्याहत्तर वय, मफलर, आणि माझी बॅग ओढून घ्यायची तीच जुनी झटापट. रिक्षात बसतानाच त्याला सांगून टाकलं, "मामा, या खेपेला चादरी बघायच्या नाहीत. पाट्या वाचायच्यात. पुतळे, दगड, कोनशिला, जे रस्त्यात दिसेल ते."

"पाट्या? आन् गड्डा?"

"गड्डाही."

"मग चालतंय की."

(गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची जत्रा. तिला येणार असाल तर लॉज महिनाभर आधी ठरवा. आमचं आजोळ आहे म्हणून आम्ही उंडारतो.)

११ जानेवारी: तेरामैल, हुरडा, कुडल

मामेभावाची गाडी मिळाली. विजापूर रस्त्याने निघालो. वडकबाळला सीना ओलांडली आणि पुढे मंद्रूपजवळ तेरामैल आलं. सोलापूरपासून तेरा मैलांवर, म्हणून तेरामैल. मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे आले, ते जाऊन आता डोक्यावर हिरव्या कमानी आल्या, पण एसटीचा कंडक्टर अजून "चला, तेरामैलवाले" म्हणूनच उठवतो. दगड गेला तरी त्याच्यावरचा आकडा गावाच्या नावात राहिला. दिवसाची पहिली पाटी ही, आणि ती कुठे लिहिलेली नव्हती.

त्यानंतर फोनच्या नकाशाने आम्हाला उसात घातलं. अगदी शब्दशः. रस्त्याची वाट झाली, वाटेचं चाकोरं झालं आणि दोन्ही काचांना उसाची पाती घासायला लागली. समोरून मोळ्या लादलेली बैलगाडी. गाडीवानाने खाली उतरून आमच्याकडे बघितलं, बैलांकडे बघितलं आणि म्हणाला, "बैल मागं येत न्हाईत, तुम्हीच जावा." दोनशे-तीनशे फूट रिव्हर्स. मामा मागच्या सीटवरून सूचना देत होता. त्यातली एकही कामाची नव्हती.

पण चुकल्यामुळेच मामाच्या दोस्ताच्या शेतात वेळेवर पोचलो, म्हणजे हुरड्याच्या वेळेला. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी लावलेली. कोवळी कणसं निखाऱ्यात खुपसायची, पोटऱ्यांना चटका बसेपर्यंत जवळ बसून राहायचं, मग गरम कणीस पोत्यावर दोन्ही तळव्यांनी चोळायचं. फुंकर मारली की फोलपट उडतं आणि हातात हिरवे, किंचित धुरकट दाणे उरतात. सोबत शेंगाची चटणी, गूळ, ताक. मामाच्या दोस्ताने पहिला घास माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "पुण्यात ह्याला पाचशे रुपये घेतेत म्हणं." मी मान खाली घातली. मी दिलेले आहेत.

कुडलला पोचलो तेव्हा एक वाजला होता. भीमा आणि सीना इथे एकमेकींना मिळतात. कूडल म्हणजे कानडीत नद्यांचा संगम, म्हणजे कुडलचा संगमेश्वर म्हणजे संगमाचा संगमेश्वर. इकडे गावांची नावं अशीच, अर्धी कानडीत, अर्धी मराठीत, आणि माणसंही तशीच. पाणी संथ, काठावर बाभळी, देवळाच्या ओट्यावर दोन कुत्री आणि एक म्हातारबुवा.

मी ज्या ओळीसाठी आले होते ती सभामंडपाच्या तुळईवर आहे. शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८. आधीचा मजकूर झाल्यावर शेवटी मराठी उमटते: 'वाछि तो विजेया होईवा'. जो वाचील तो विजयी होईल. मराठीचा पहिला शिलालेख कोणता यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. श्रवणबेळगोळ, आक्षी, कुडल, प्रत्येकाचा आपापला पक्ष. शाळेत मात्र आम्हाला श्रवणबेळगोळचं 'चावुण्डराजें करवियलें' एवढंच घोकायला लावलं. आजोळापासून तासाभराच्या अंतरावर हे आहे हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. या जिल्ह्यातल्या शिलालेखांमागे जन्मभर हिंडलेले सोलापूरचे आनंद कुंभार यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. शिलालेख शोधायचा म्हणजे गोठ्यातले, ओट्याखालचे, चुन्याने बुजलेले दगड पुसत फिरायचं.

बरं, ओळ दिसेना. तुळई काळवंडलेली, अक्षरं झिजलेली. मोबाईलचा टॉर्च समोरून मारला की सगळं सपाट होतं. दहा मिनिटं मान वर करून मान दुखायला लागली. तेवढ्यात नववी-दहावीतला एक पोरगा आला. आमची धडपड त्याने थोडा वेळ मजेत पाहिली आणि न बोलता निघून गेला. परत आला तो हातात स्टीलचं ताट घेऊन. उन्हात उभा राहिला, ताट तिरकं धरलं आणि उन्हाचा एक कवडसा तुळईवर सोडला. आडवा, अगदी कडेने. दगडावर सावल्या पडल्या आणि अक्षरं उठून आली. एक एक करून. 'व' आणि 'तो' तर मलाही लागले. पुढचं त्यानेच वाचून दाखवलं, अर्थात पाठ असल्यामुळे.

"तू विजयी झालास का रे?" मामाने विचारलं.

"सहामाईला गणितात पस्तीस पडलेत," पोरगा म्हणाला.

शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात बहुमुखी शिवलिंग आहे. एकाच पिंडीवर ३५९ मुखं. हे देऊळ नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत मातीच्या ढिगाखाली होतं. मुखं मोजायचा प्रयत्न केला, साठाच्या पुढे चुकले.

जाणाऱ्यांसाठी: स्वतःचं वाहन हवं. जेवण, पाणी बरोबर ठेवा, हॉटेलाच्या भरवशावर राहू नका. सकाळी नाहीतर दुपार कलल्यावर जा, तिरक्या उन्हासाठी. आणि एक स्टीलचं ताट ठेवा. टॉर्चपेक्षा ते बरं.

१२ जानेवारी: चार पुतळा

१२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. आता चारही नावं पाठ आहेत, गाडीतल्या पोराला सांगता येत नाहीत एवढंच. सोलापूरकर त्या जागेला सुटसुटीत 'चार पुतळा' म्हणतात. रिक्षावाल्याला हुतात्मा चौक सांगितलं तर तो एक क्षण विचार करतो.

सकाळी पुतळ्यांना हार पडत होते. पांढरे गणवेश घातलेली शाळेची पोरं ओळीने उभी होती. मी कोनशिला वाचायला पुढे झाले, तर तिच्या निम्म्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स. गॉगल लावलेले एक तरुण नेते, खाली शुभेच्छुकांचे तीस-चाळीस चेहरे, प्रत्येकाखाली ठळक नाव. हुतात्म्यांची नावं वाचायला मला फ्लेक्सचा कोपरा उचलून धरावा लागला. मामाने तो उचलला. मी वाचलं. एका शिपायाने आमच्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

मामाने पुतळ्यासमोरच्या कट्ट्यावर बसून मला १९३० सांगितलं. त्याचा जन्म नंतरचा, पण त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ते पोरवयात पाहिलेलं. ६ एप्रिलला सोलापूरच्या नगरपालिकेने इमारतीवर तिरंगा चढवला. ५ मे ला गांधीजींना अटक झाली आणि गाव पेटलं. ८ मे ला रूपाभवानीच्या देवळाकडची शिंदीची झाडं तोडायला लोक निघाले. धरपकड, दगडफेक, गोळीबार. शंकर शिवदारे नावाचा तरुण पहिला पडला. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जळाली, त्यात पोलीस मेले, पुढे खटला त्याचाच. सरकारी माणसं गाव सोडून गेली आणि ९, १०, ११ मे असे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. १२ मे ला मार्शल लॉ आला, तो ३० जूनपर्यंत होता. गांधी टोपी आणि झेंडा दिसला की पकडायचे.

"आमचे वडील सांगायचे," मामा म्हणाला, "टोप्या पिठाच्या डब्यात गेल्या. आईने चुकून एक दळणात दिली."

खरं-खोटं मला माहीत नाही. पण आमच्या घरात ती टोपी अजून दळली जातेय.

एक गोष्ट मात्र मनात घर करून बसली. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे आणि फाशी गेले तेव्हा वय जेमतेम विशीचं. पुतळ्यात ते थोराड दिसतात. शिल्पकारांना हुतात्मे नेहमी मोठे वाटतात.

तिथून भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक. जन्म १९१० चा, इथलाच. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनमध्ये जखमींच्या सेवेला गेले, त्यातले हे एक. बाकीचे परतले, हे राहिले. तिथल्याच नर्सशी, क्वो छिंगलानशी, लग्न केलं. मुलाचं नाव यीनहुआ: यीन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी गेले. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटायचे. आणि समोरचा पानवाला मला म्हणाला, "ते चीनचं ऑफिस काय? सरळ जावा."

दुपारी रिक्षाने जुनी मिल. १८७७ ची सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग. आजोबा तिथेच कामाला होते. भोंगा झाला की आजी तव्यावर भाकरी टाकायची, गावाला घड्याळ लागायचं नाही. आता मिल नाही, भोंगा नाही, पत्त्यात मात्र 'जुनी मिल कंपाउंड' अजून लिहितात.

तसाच दुसरा पत्ता सेटलमेंट. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी आणि इतर अनेक जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं जायचं, हजेरी लावायची, कामाला मिलमध्ये जायचं. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. वस्तीचं नाव राहिलं, आणि पुढे 'फ्री कॉलनी' जोडलं. फ्री हा शब्द एखाद्या पत्त्यात इतका जड कुठे वाचला नव्हता. तिथे मला तरी एकही पाटी दिसली नाही. रिक्षावाला त्याच भागातला निघाला. "आमच्या आज्याला रात्री हजेरी द्यायला लागायची," एवढंच बोलला आणि सिग्नल सुटल्यावर विषय बदलला.

संध्याकाळी पार्क चौपाटीवर भेळ. बरी होती. मामीच्या कडक भाकरीपुढे कुठे.

१३ आणि १४ जानेवारी: अडुसष्ट लिंगं

भोगी. मामीने तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी सकाळीच वाढली, कारण दिवसभर घरी कोणी नसणार हे तिला माहीत होतं.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. गावाचा नकाशाच तो, दगडात. गड्ड्याच्या पहिल्या दिवशी हिरेहब्बूंच्या, म्हणजे मानकरी पुजाऱ्यांच्या, वाड्यातून सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या काठ्या, निघतात आणि त्या लिंगांना तैलाभिषेक करत फिरतात. जुनी माणसं त्याला यण्णीमज्जन म्हणतात. यण्णी म्हणजे कानडीत तेल. पांढरी बाराबंदी घातलेले धिप्पाड गडी ती उंचच उंच काठी कमरेच्या पट्ट्यात पेलतात. गल्लीत वायरी आल्या की सगळ्यांचे श्वास अडकतात, काठी तिरकी होते, वायर चुकते आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" असा आवाज उठतो.

ठरवलं होतं की अडुसष्टच्या अडुसष्ट बघायची. अकराव्याला पाय बोलायला लागले, एकोणिसाव्याला मामानेही हार मानली. पण तेवढ्यात काय काय दिसलं! एक लिंग बोळाच्या तोंडाशी, त्यावर चिमुकलं छप्पर. एक रस्ता उंचावल्यामुळे गुडघाभर खड्ड्यात, वाकून तेल घालावं लागतं. एका घराच्या तर पायरीला लागूनच. त्या घरातली बाई वर्षभर रोज तिथेच रांगोळी काढते. म्हणाली, "आमच्या दारात आल्याशिवाय काठी फुडं जात न्हाई." तिच्या चेहऱ्यावरची ऐट राजवाड्यातल्या माणसाला यायची नाही. रस्ते रुंद झाले, पेठा बदलल्या, पण दर जानेवारीत काठ्या येतात आणि अडुसष्ट ठिकाणी थांबतात, त्यामुळे जागा पुसल्या गेल्या नाहीत. फ्लेक्सवाल्यांचीही तिथे छाती होत नाही.

(चालायचं असेल तर सकाळी लवकर मिरवणुकीच्या मागे लागा, चपला जुन्या घाला. तेलाने रस्ता निसरडा होतो. मी एकदा बसलेच.)

१४ ला सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येची कथा आहे. त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावलं. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झालं आणि चहूबाजूंनी अक्षता उडाल्या. गर्दी इतकी की मला फक्त समोरच्या काकांची टोपी आणि वर सात काठ्यांची टोकं दिसली. केसांतून तांदूळ रात्रीपर्यंत पडत होते.

किल्ला तिथून हाकेच्या अंतरावर आहे. दुहेरी तट, खंदक, आत बाग. आदिलशाही आणि निजामशाहीत हा किल्ला हुंड्याचा वाद होऊन राहिला. चांदबिबीच्या लग्नात तो आदिलशहाकडे गेला. अर्ध्या तासात फिरून आलो, पाय खरंच संपले होते.

१५ जानेवारी: माचणूर, मंगळवेढा आणि एक दगड

मंगळवेढ्याच्या रस्त्याने निघालो. बेगमपूरला भीमा ओलांडली की माचणूर. इथे नदीकाठी सिद्धेश्वराचं देऊळ आणि औरंगजेबाने १६९५ च्या सुमाराला बांधवलेला किल्ला. शेजारच्या ब्रह्मपुरीला त्याची छावणी चारेक वर्षं होती. सबंध हिंदुस्थानचा कारभार या खेड्यातून चालला, यावर घाटावर बसलं तर विश्वास बसत नाही. पायऱ्यांवर एक बाई कपडे धुत होती आणि तिचा नवरा पाण्यात म्हैस घासत होता.

मंगळवेढ्यात दामाजी चौक. बिदरच्या बादशहाचा अंमलदार दामाजीपंत दुष्काळात सरकारी कोठार उघडून मोकळा झाला, आणि विठोबाने विठू महार होऊन पैसे भरले, ही कथा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कोठार उघडणाऱ्याच्या गावाला ते शोभतंच. चोखोबा इथलेच. गावकुसाचं काम चालू असताना १३३८ साली कुसू कोसळलं आणि इतर मजुरांबरोबर ते त्याखाली गेले. त्यांची हाडं ओळखून नामदेवांनी पंढरपूरला नेली, समाधी महाद्वारात आहे. भिंत बांधणाऱ्यालाच तिच्या आत राहायची मुभा नव्हती. मामा हे म्हणाला, मी फक्त लिहून घेतलं.

परतताना रस्त्याकडेला, लिंबाखाली एक दगड दिसला. मी ओरडून गाडी थांबवली. वीरगळ! लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, कमरेइतका उंच. खालच्या चौकटीत ढालतलवारीची लढाई, तिच्या वर दोन अप्सरा वीराला हाताला धरून नेताहेत, सगळ्यात वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय आणि डोक्यावर चंद्र-सूर्य. एक अक्षर नाही. कुठल्या लढाईतला, कुणाचा, काही नाही. वरपासून खालपर्यंत शेंदूर आणि तेलाचा थर, समोर दोन नारळांची शकलं.

शेजारच्या रानातून एक आजी आल्या. डोक्यावर वैरणीचा भारा, तो खाली टाकला.

"कोण हाय गं बाई तुम्ही? सरकारी?"

"न्हाई आजी. दगड बघायला थांबलो. कोण आहेत हे?"

"आमचा बाबा हाय. गाय व्याली की पयलं दूध ह्यालाच."

मी त्यांना चौकटी दाखवल्या. हा लढला, हा पडला, ह्याला वर नेलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग खालच्या चौकटीवर बोट ठेवलं, तिथे वीराच्या पायाशी एक प्राणी आहे. "आन् ही गाय. तिच्यासाठी मेला त्यो. ठावं हाय की आम्हाला."

मी जवळ जाऊन पाहिलं. शेंदराखाली खरंच शिंगं होती. गाईगुरं वाचवताना पडलेल्या वीराचा दगड. मला ते दिसलंच नव्हतं.

मामाने फोन काढला तशा आजी म्हणाल्या, "थांब जरा." पदराने दगडाचं तोंड पुसलं, कनवटीतून कुंकवाची पुडी काढली आणि वीराच्या कपाळावर, म्हणजे जवळजवळ सगळ्या चेहऱ्यावर, आडवा ताजा मळवट भरला. दोन पावलं मागे सरून बघितलं.

"हां. आता काढ."